लघवीची घरगुती चाचणी: सोपं आणि स्वच्छ उपकरण कसं घडवायचं

आई लॅबची बाटली घेऊन बाहेर आली तेव्हा बाटलीपेक्षा तिचा हात जास्त ओला होता. अरुंद तोंडाची ती पांढरी डबी, तिच्यावर बॉलपेनने लिहिलेल्या नावाचा निळा ओघळ झालेला.

"झाकण कुठे ठेवलं होतंस गं?"

"ठेवणार कुठे? तिथे काय फळी मारलीय तुम्ही? नळावर ठेवलं, ते पडलं खाली. मग धुतलं हँडवॉशने. चांगलं दोनदा."

मी वैद्यकीय वापराच्या वस्तूंचं डिझाइन करते आणि विद्यार्थ्यांचे प्रकल्पही बघते. दरवर्षी एखादा तरी गट 'लघवीची स्मार्ट चाचणी' घेऊन येतो. त्यात सेन्सर असतो, ब्लूटूथ असतं, अॅप असतं. पण झाकण कुठे ठेवायचं, हे कुणालाच सुचलेलं नसतं. माझं म्हणणं एवढंच, की लघवीच्या चाचणीतलं रसायन जवळजवळ सत्तर वर्षांपूर्वीच सुटलं. अडलंय ते मोरीत, हातांच्या हिशोबात. तो हिशोब कसा सोडवायचा, ते इथे क्रमाने लिहिते. डिझाइनचे किंवा इंजिनीअरिंगचे विद्यार्थी असाल, छोटा उद्योग करू पाहत असाल, तर पुठ्ठा, कात्री आणि गोंद घेऊन बसा. थ्रीडी प्रिंटर नंतर लागेल.

आधी एक माणूस आणि एक चाचणी निवडा

'दहा चाचण्या एका पट्टीवर' हा मोह टाळा. लघवीत बुडवायच्या अशा पट्टीवर रंग बदलणारे दहा चौकोन असतात, आणि प्रत्येक चौकोन वाचायची वेळ वेगळी असते: साखर ३० सेकंदांनी, किटोन ४०, प्रथिनं ६०, पांढऱ्या पेशी १२० सेकंदांनी. लॅबमधल्या माणसाला हे सवयीचं असतं. घरच्या माणसाला नसतं, आणि तिसऱ्या चौकोनापाशी तो गोंधळतो.

मी उदाहरण घेते ते गरोदर बाईचं आणि अल्ब्युमिनच्या म्हणजे प्रथिनांच्या चाचणीचं. विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून वर गेला आणि लघवीतून प्रथिनं जायला लागली, तर ती प्रीएक्लॅम्पसियाची, म्हणजे गरोदरपणातल्या एका धोकादायक आजाराची, खूण असू शकते. दवाखान्याच्या दोन भेटींमध्ये दोन-चार आठवडे जातात, तेवढ्या वेळात चित्र बदलू शकतं. रक्तदाबाचं यंत्र आता बऱ्याच घरांत असतं, म्हणून त्याच्या जोडीला लघवीची पट्टी आली तर तिला अर्थ आहे.

साखरेचं मात्र दोनदा विचार करून ठरवा. रक्तातली साखर साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेल्याशिवाय ती लघवीत उतरत नाही, त्यामुळे साखर कमी झाल्याचं ही पट्टी कधीच सांगणार नाही. गरोदरपणात हीच मर्यादा खाली येते, म्हणून मधुमेह नसलेल्या बाईच्या लघवीतही साखर दिसू शकते. आणखी एक गोष्ट अलीकडची आहे. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळ्या आता सर्रास दिल्या जातात. त्यांचं कामच साखर लघवीवाटे बाहेर काढायचं. अशा माणसाची पट्टी रोज गडद येणार, आणि तो रोज घाबरणार. म्हणून माझ्या उपकरणात साखरेचा चौकोन नाही.

रसायन विकत घ्या

जुन्या डॉक्टरांकडे बेनेडिक्टचं निळं द्रावण असायचं. परीक्षानळीत ते पाच मिलिलिटर घ्यायचं, लघवीचे आठ थेंब टाकायचे, स्पिरिटच्या दिव्यावर तापवायचं. हिरवं, पिवळं, नारिंगी, विटकरी अशी साखरेची चढण त्यात दिसायची. १९५६ साली अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या माइल्स लॅबोरेटरीजमध्ये हेलन फ्री आणि आल्फ्रेड फ्री या रसायनशास्त्रज्ञ जोडप्याने 'क्लिनिस्टिक्स' ही कागदाची पट्टी बाजारात आणली. विकरं म्हणजे एन्झाइम कागदातच वाळवलेली, पट्टी बुडवायची आणि रंग बघायचा. दिवा गेला, नळी गेली.

प्रथिनांच्या चौकोनाचं कामही समजून घ्या, कारण डिझाइनचे निम्मे निर्णय त्यावरच उभे आहेत. त्यात टेट्राब्रोमोफेनॉल ब्ल्यूसारखा रंगद्रव्य-दर्शक असतो, आणि आम्लता एका पातळीवर धरून ठेवणारं बफर असतं. लघवीत अल्ब्युमिन असेल तर ते दर्शकाला चिकटतं आणि पिवळा चौकोन हिरवा, मग निळसर हिरवा होतो. तक्त्यावर साधारण ३० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरला एक प्लस, १०० ला दोन, ३०० ला तीन. बफर धुतलं गेलं तर रंग चुकतो, म्हणजे पट्टीवरून लघवीची धार जाता कामा नये. लघवी फार अल्कधर्मी असेल तरी रंग चुकतो. आणि क्लोरहेक्झिडिन किंवा क्वाटर्नरी अमोनियमच्या जातीच्या जंतुनाशकांचा अंश भांड्यात राहिला, तर प्रथिनं नसतानाही चौकोन हिरवा होऊ शकतो. आईने दोनदा धुतलेलं झाकण आठवा. 'स्वच्छ' आणि 'चाचणीसाठी स्वच्छ' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यामुळे नमुना ज्याला लागतो तो भाग एकदाच वापरायचा, असं मी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं.

पट्ट्या तयार मिळतात, त्या घ्या. तुमचं काम पट्टीच्या बाहेर सुरू होतं. बाहेरून बघण्याची ताकद किती असते, याचा एक दाखला डिझाइनवाल्यांनी लक्षात ठेवावा. १९६७ साली न्यू जर्सीतल्या ऑर्गनॉन कंपनीत मार्गारेट क्रेन ही ग्राफिक डिझायनर कामाला होती. प्रयोगशाळेत गरोदरपणाच्या चाचणीच्या नळ्या आरशावर ओळीने मांडलेल्या तिने पाहिल्या, आणि हे बाईला घरीच का करता येऊ नये, असं तिच्या मनात आलं. टेबलावरची पेपरक्लिप ठेवायची पारदर्शक डबी, एक आरसा, एक ड्रॉपर, एवढ्यावर तिने पहिला नमुना केला. १९७१ साली तो 'प्रेडिक्टर' नावाने कॅनडात विकायला आला. तिला शास्त्राचं शिक्षण नव्हतं. पेटंटचे हक्क तिने कंपनीला एका डॉलरवर लिहून दिले, आणि तो डॉलरही हातात पडला नाही असं ती सांगत असे.

मोरीत जाऊन हात मोजा

या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या. मी तीन आठवडे दिले, तेही कमी पडले.

रिकाम्या, कोरड्या संडासात जाऊन तुम्हीच सगळी कृती करून बघा, कपड्यांसकट. मग घरातल्या, शेजारच्या बायकांना फक्त अभिनय करून दाखवायला सांगा. कुणी संकोचलं तर आग्रह नको. प्रत्येक क्षणी कोणता हात कशात गुंतलाय, ते कागदावर लिहा. माझ्या वहीतलं पान असं आहे:

भारतीय बैठकीचा संडास, सहावारी साडी. डाव्या हाताने निऱ्या आणि मागचा घोळ वर धरलेला. उजवा हात बसताना भिंतीला. बसल्यावर उजवा मोकळा. नमुना उजव्या हाताने, पुढून. नंतर पाण्याचा मग उचलायचा: उजव्याने. धुवायचं: डाव्याने. म्हणजे साडी आता कोपरात किंवा मांडीखाली. नमुन्याची बाटली या सगळ्या वेळात कुठे?

सातव्या महिन्यातल्या बाईचं यात आणखी एक: तिला खाली बघून काही दिसत नाही. पोट मध्ये येतं. तिला अंदाजानेच धरावं लागतं, म्हणजे अरुंद तोंडाच्या बाटलीचा प्रश्नच मिटला.

पंजाबी ड्रेसमध्ये सलवारीची नाडी आणि कुर्ता. गाऊनमध्ये सगळ्यात सोपं. कमोड असेल तर बसून हात पुढून नेण्याइतकी जागा असते, पण धार आणि पाणी यांतलं अंतर जास्त. बैठकीच्या संडासात अंतर इतकं कमी, की उंच भांडं खाली मावतच नाही. त्यामुळे भांड्याची खोली मी चार बोटांवर बांधून टाकली. २०२३ च्या सुरुवातीला विदिंग्ज या फ्रेंच कंपनीने कमोडच्या आतल्या बाजूला बसवायचं लघवी तपासण्याचं यंत्र दाखवलं होतं. गोटा बसतो तसं ते कमोडच्या उतारावर बसतं. बैठकीच्या संडासात ते ठेवायला उतारच नाही.

त्या पानावरून चार अटी निघाल्या. उपकरण एका हाताने वापरता आलं पाहिजे. न बघता वापरता आलं पाहिजे. मधेच हात मोकळा करायला ते कुठेतरी अडकवता आलं पाहिजे, कारण ओल्या जमिनीवर कुणी काही ठेवत नाही आणि ठेवूही नये. आणि किती भरलं, हे बाईला ठरवावं लागता कामा नये.

दांडा: डाव की ओगराळं?

माझा पहिला नमुना डावासारखा होता. पसरट वाटी आणि आडवा, किंचित वर गेलेला दांडा. दिसायला छान. निळीचं पाणी ओतून बघितलं, तर वाटीच्या काठावरून ओघळ निघाला, दांड्याच्या खालून सरळ मनगटावर, तिथून बांगड्यांत. द्रव पदार्थ पृष्ठभागाला चिकटून वाहतो. चहाचं भांडं हळू ओतलं की चहा भांड्याच्या पोटावरूनच खाली येतो, तेच हे.

उत्तर स्वयंपाकघरातच होतं. आमटी वाढायचं ओगराळं बघा: वाटी खाली, दांडा तिच्या काठावरून सरळ उभा, टोकाला आकडा. हात कायम द्रवाच्या वर. ओघळ वर चढत नाही. आणि आकडा पातेल्याच्या काठाला अडकतो, तसाच तो बादलीच्या काठाला किंवा नळालाही अडकतो. चारपैकी दोन अटी एका दांड्याने मिटल्या.

मापं माझ्या नमुन्याची देते, तुमची बदलतील. वाटीचं तोंड आठ सेंटिमीटर, खोली सहा, दांडा वाटीच्या काठापासून चौदा. दांडा अगदी काटकोनात न ठेवता बाहेरच्या बाजूला थोडा झुकवला, म्हणजे मूठ पोटाला अडत नाही. दांड्याच्या मुळाशी एक पातळ पाळ ठेवली, छत्रीच्या काठासारखी. मुठीवरून किंवा दांड्यावरून काही उतरलंच तर ते वाटीत न जाता बाहेर ठिबकतं. वाटीचा काठ बाहेर वळवू नका. वळलेल्या काठाखाली थेंब लटकून राहतो आणि बाहेर आल्यावर पडतो. काठ धारदार नको, पण सरळ आणि पातळ हवा.

पुठ्ठ्याचा नमुना करायचा तर आईस्क्रीमचा मेण लावलेला कप आणि बांबूची काडी पुरते. थर्माकोल नको, तो पटकन तुटतो आणि त्याचे दाणे सांडतात.

टाकीचा ओव्हरफ्लो

मूत्राशय भरलेलं असेल तर तीनशे मिलिलिटर सहज येते, आणि धार जोरात असताना सेकंदाला पंधरा-वीस मिलिलिटर. आठ सेंटिमीटरची वाटी बघता बघता काठोकाठ भरणार आणि सांडणार. पट्टीला मात्र दोन-तीन मिलिलिटर बास होते.

म्हणून इमारतीच्या पाण्याच्या टाकीला असतो तसा ओव्हरफ्लो द्या. वाटीच्या तळाशी तीन मिलिलिटरचा खळगा, आणि खळग्याच्या अगदी वर, दांड्याच्या विरुद्ध बाजूला, तीन मोठी भोकं. खळगा भरला की बाकी सगळं सरळ संडासात. भोकं लहान ठेवलीत तर वेगवान धारेपुढे ती कमी पडतात आणि वाटी तरीही भरते. मी सहा मिलिमीटरपासून सुरुवात केली, दहावर थांबले. भोकांची बाजू शरीरापासून लांब हवी, नाहीतर पायावर शिंतोडे येतात.

याचा एक फायदा मला नंतर कळला. सुरुवातीची थोडी लघवी सोडून मधली धार घ्यावी, असं लॅबमध्ये सांगतात, कारण पहिल्या धारेबरोबर योनीमार्गातला स्राव येतो आणि त्यातल्या प्रथिनांनी चौकोन फसतो. खळग्यातली लघवी सतत नव्याने बदलत राहिल्यामुळे पहिली धार बरीचशी धुतली जाते. तरी सूचनेत 'आधी थोडी होऊ द्या, मग वाटी पुढे धरा' हे लिहायचंच. उपकरणावर सगळा भार टाकू नये.

निळीची परीक्षा

खऱ्या लघवीवर प्रयोग करायची घाई नको. सुरुवातीच्या सगळ्या चाचण्या निळीच्या पाण्यावर होतात. लिटरभर पाण्यात चमचाभर मीठ, कपड्याची नीळ दोन-तीन थेंब, आणि भांड्याच्या साबणाचा अगदी एक थेंब, कारण लघवी साध्या पाण्यापेक्षा जरा जास्त पसरते. सॉसची पिळायची बाटली घ्या, तीनशे मिलिलिटर भरा.

जमिनीवर पांढरे कागद अंथरा. दोन विटांवर पाय ठेवून बसा, म्हणजे बैठकीची उंची जमते. एकाने उपकरण धरायचं, दुसऱ्याने वीतभर वरून बाटली पिळायची, पंधरा ते वीस सेकंदांत संपेल अशी. झाल्यावर कागदावरचे निळे ठिपके मोजा, कुठे पडलेत ते बघा. धरणाऱ्याने तळहात कोऱ्या टिश्यूवर दाबायचा. टिश्यूवर निळं उमटलं, तर तो नमुना नापास.

हे दहा वेळा करा, दहा वेगळ्या हातांनी. किमान तीन वेळा डोळे मिटून. एकदा डाव्या हाताने. एकदा साडी नेसून, हे पुरुष विद्यार्थ्यांनीही. माझ्या वर्गातल्या एका मुलाने आईची साडी आणली होती. निऱ्या सांभाळता सांभाळता त्याची वाटी कलंडली, आणि पुढच्या आठवड्यात तो जास्त खोल खळगा घेऊन आला.

पट्टीचा रंग तपासायचा तर त्यासाठी वेगळं पाणी करा, निळीशिवाय आणि साबणाशिवाय. अंड्याच्या पांढऱ्यात ढोबळमानाने दहा टक्के प्रथिनं असतात. एक मिलिलिटर पांढरा तीनशे मिलिलिटर मिठाच्या पाण्यात नीट ढवळून मिसळला, तर हिशोबाने तेहतीस मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या आसपास येतं, म्हणजे एक प्लसच्या जवळपास. साधं मीठपाणी शेजारी ठेवा. दोन पट्ट्या, दोन रंग. उपकरणातून गेल्यावरही तेच दोन रंग आले, तर तुमची वाटी पट्टीला त्रास देत नाही.

टोपी, आडवं करणं आणि वेळ

आता पट्टी. हाताने बुडवायची म्हटली की तीच गडबड: पाकीट फोडा, पट्टी काढा, दोन सेकंद बुडवा, काठाला निथळा, आडवी धरा. घरी माणूस पट्टी उभी धरतो, जास्तीचा थेंब चौकोनावरून खाली वाहतो, रंग वाहतो.

मी पट्टी टोपीलाच जोडली. हिंगाच्या डबीच्या झाकणाला आतून चमचा असावा तशी टोपीला आतून एक जीभ, तिच्या टोकाला चौकोन. टोपी दाबून बसवली की जीभ खळग्यात उतरते आणि चौकोन भिजतो. टोपी मुद्दाम मोठी आहे: ती वाटीचा बाहेरचा ओला भाग आणि ओव्हरफ्लोची भोकंही झाकते, म्हणजे बाहेर आणताना हाताला लागतो तो फक्त कोरडा भाग. मग वस्तू आडवी करायची. जीभ वाटीच्या सपाट, पारदर्शक बाजूला टेकलेली असते, ती बाजू वर येते आणि चौकोन खिडकीतून दिसतो. खळग्यातली लघवी उतरून टोपीच्या आतल्या शोषक गादीत जाते. गादीत डायपरमधलं सोडियम पॉलिअॅक्रिलेट आहे. ते वजनाच्या तीसपट मिठाचं पाणी सहज धरतं, म्हणजे तीन मिलिलिटरला चिमूटभर पुरे. दाबा, आडवं करा: कृती संपली. आत वाहतं काही उरत नाही.

उरली वेळ. प्रथिनांचा रंग ६० सेकंदांनी वाचायचा. मोबाइलचा टायमर हा सोपा उपाय वाटतो, पण मग मोबाइल संडासात जातो आणि ओल्या हाताने हाताळला जातो. त्यापेक्षा खिडकीच्या कडेला शोषक कागदाची अरुंद फीत ठेवली, तिच्या टोकाला खाण्याच्या रंगाचा ठिपका. आडवं केल्यावर ओल फितीतून सरकते आणि टोकाला पोचली की रंग पसरतो. फितीची लांबी घड्याळ लावून जुळवा, उन्हाळ्यात वेगळी आणि पावसाळ्यात वेगळी, कारण हवेतल्या ओलाव्याने वेग बदलतो. पाच-दहा सेकंद इकडेतिकडे चालतील; पाच मिनिटांनी वाचणं चालणार नाही.

रंग कुठे बघणार?

हा प्रश्न वाटतो त्याहून अवघड आहे. संडासातला दिवा बऱ्याचदा पिवळा आणि मंद असतो. पिवळ्या दिव्याखाली पिवळा चौकोन आणि किंचित हिरवा चौकोन सारखेच दिसतात, म्हणजे नेमकी जी पायरी पकडायची तीच निसटते. बाहेर उजेडात आणावं तर कुठे? ओट्यावर ठेवायची सोय नाही. सासूबाई असोत नसोत, मीही ठेवणार नाही. हॉलमध्ये माणसं बसलेली. उरते खिडकी किंवा गॅलरी. म्हणून वस्तू बंद हवी, गळणारी नको, आणि चारचौघांत हातात धरली तरी काय आहे ते ओरडून सांगणारी नको. पारदर्शक भाग फक्त खिडकीपुरता, बाकी सगळं दुधी. एका खोलीत सहा माणसं राहतात, तिथे हा सजावटीचा मुद्दा राहत नाही. नुकतं लग्न झालेल्या मुलीला गरोदरपणाची चाचणी कुणाला न कळता करायची असते, तिला विचारा.

रंगाचा तक्ता वेगळ्या कागदावर देऊ नका, तो हरवतो. चौकोनाच्या दोन्ही बाजूंना, एका खिडकीत, छापलेले रंग हवेत. लॅबच्या तक्त्यात पाच-सहा छटा असतात. घरी तीनच द्या. पिवळा: नोंद करा. फिकट हिरवा: उद्या सकाळी पुन्हा बघा. हिरवा किंवा त्याहून गडद: आजच नर्सबाईंना किंवा डॉक्टरांना दाखवा. रंगांच्या सोबत आकारही वेगळे छापा, कारण हिरवा-पिवळा ओळखू न येणारी माणसं असतात, पुरुषांत जास्त, आणि रंग वाचणारा बऱ्याचदा नवराच असतो.

मोबाइलच्या कॅमेऱ्याने रंग वाचायचा असेल तरी हेच छापलेले रंग उपयोगी पडतात. कॅमेरा उजेडाप्रमाणे स्वतःच रंग बदलतो, त्यामुळे फोटोत ओळखीचे रंग शेजारी असल्याशिवाय अॅपला काही ठरवता येत नाही. इस्रायलच्या हेल्दी डॉट आयओ कंपनीने असाच रंगीत तक्ता वापरला आणि २०१८ साली तिला अमेरिकेची मंजुरी मिळाली. पण अॅप ही दुसरी आवृत्ती. पहिली डोळ्यांनी वाचता यायला हवी.

पाकीट, पावसाळा, कचरा

शंभर पट्ट्यांची बाटली घरासाठी नाही. जुलैत रत्नागिरीला ती दहा वेळा उघडली की आतल्या पट्ट्या ओल धरतात, आणि मे महिन्यात नागपुरात बंद घरात ती तिसाच्या वर जाते. बहुतेक पट्ट्यांवर 'तीस अंशांपर्यंत ठेवा' असंच छापलेलं असतं. एकेक वस्तू फॉइलच्या पाकिटात, आत सिलिका जेलची पुडी. फाडायची खाच दोन्ही बाजूंना. आणि सूचनेत सगळ्यात पहिलं वाक्य: पाकीट आत जाण्याआधी, कोरड्या हाताने फाडा.

वापरलेलं उपकरण पुन्हा त्याच पाकिटात जावं, एवढं पाकीट मोठं ठेवा. कचऱ्यात ते कुणाच्या तरी हातात जाणार आहे. पुण्यात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढायला लोकांना सांगितलं, म्हणजे उघडून बघावं लागत नाही. पाकिटाच्या मागे तोच लाल ठिपका आम्ही आधीच छापला. दांडा मात्र फेकायचा नाही. तो सुटा करून ठेवता येतो, साध्या पाण्याने धुऊन वाळवायचा. प्लॅस्टिक निम्म्याने कमी होतं.

सूचना आणि परवाना

सूचनापत्रिका लिहून झाली की ती ज्याने कधी पाहिली नाही अशा माणसाच्या हातात द्या आणि गप्प बसा. 'समजलं का?' विचारू नका. आपल्याकडे त्याचं उत्तर 'हो' असंच असतं. 'करून दाखवा' म्हणा. 'नमुना' या शब्दावर आमच्या तीन जणी अडकल्या, 'लघवी' लिहिल्यावर कुणी अडकलं नाही. 'निगेटिव्ह' लिहिलं तर काहींना काहीतरी वाईट आहे असं वाटलं.

आणि एक वाक्य ठळक, खिडकीच्या बाजूलाच: चौकोन पिवळा असला तरी डोकं खूप दुखत असेल, डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, चेहरा सुजला असेल किंवा बरगड्यांखाली पोट दुखत असेल, तर लगेच दवाखान्यात जा. भरपूर पाणी प्यायल्यावर पातळ झालेल्या लघवीत प्रथिनं लपतात. म्हणून शक्यतो सकाळची पहिली.

विकायचं असेल तर २०१७ चे वैद्यकीय उपकरण नियम लागू होतात. ए, बी, सी, डी असे धोक्यानुसार वर्ग आहेत. घरी स्वतः करायची चाचणी साधारणपणे सी वर्गात जाते. निकाल प्राथमिक असून नंतर लॅबची चाचणी होणार असेल, तर बी वर्गात बसू शकते. ए आणि बीचा उत्पादन परवाना राज्याकडून, म्हणजे आपल्याकडे अन्न व औषध प्रशासनाकडून, सी आणि डीचा केंद्राकडून. आयएसओ १३४८५ ची गुणवत्ता व्यवस्था आणि आयएसओ १४९७१ ची जोखीम-नोंद पहिल्या वहीपासूनच ठेवा. शेवटी मागे जाऊन लिहायला बसलात तर खोटं लिहाल. निळीच्या पाण्याला कुणाची परवानगी लागत नाही, पण खऱ्या गरोदर बायकांवर चाचणी घ्यायची तर आधी नैतिक समितीची मंजुरी.

आमचा सातवा नमुना आईने निळीच्या पाण्यावर वापरून बघितला. ओगराळं नळाला अडकवलं, साडी सोडली, पाण्याचा मग घेतला, हात धुतले. सगळं जमलं. टोपी बसवताना मात्र तिने दांडा काखेत धरला आणि दोन्ही हातांनी दाबली.

"ही एका हाताने बसत नाही गं," ती म्हणाली.

आठव्या नमुन्यात टोपी बादलीच्या काठावर टेकवून वरून दाबता येते का, ते सध्या बघतोय. स्टीलच्या बादलीवर बसते, प्लॅस्टिकच्या जाड काठावरून घसरते.